घुबड, साप आणि पेगॅससचे पंख: ब्राँझच्या ग्रीक वस्तूंबद्दल वाचकांचे प्रश्न

प्राचीन ग्रीक चिन्हांवर बेतलेल्या, हाताने घडवलेल्या ब्राँझच्या शोभेच्या वस्तूंवर आम्ही मागच्या अंकात लिहिलं. त्यावर सोलापूर आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आली. काही घरातून आलीत, काही थेट भट्टीवरून. उत्तरं देणाऱ्यांत एक ओतकामातले आहेत, एक धातूच्या वस्तूंचं जतन करणारे.

प्रश्न: मुलीने ब्राँझचं पाच इंची घुबड आणलंय, ग्रीक देवी अथीनाचं. सासूबाई म्हणतात, घुबड घरात नको. कुठे ठेवावं? आणि ते ग्रीक पद्धतीचंच आहे हे कसं ओळखायचं?
(गृहिणी, जुळे सोलापूर)

सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा. अथीनाचं घुबड म्हणजे भलंमोठं, शिंगाळं घुबड नव्हे. तो लहानसा, गोल डोक्याचा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी आहे. शास्त्रीय नाव अथेनी नॉक्टुआ. आपल्या शिवारात, जुन्या वाड्यांच्या भिंतींत दिसणारा पिंगळा म्हणजे अथेनी ब्रामा, त्याच कुळातला सख्खा भाऊ. पहाटे कुडमुडं वाजवत दारी येणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो, तो ज्या पाखराची भाषा जाणतो असं मानतात तेच हे पाखरू. ग्रीकांनी त्याला शहाणपणाच्या देवीजवळ बसवलं. देवघरात ठेवायचं कारण नाही. पुस्तकांच्या कपाटावर किंवा मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर शोभेल.

आता ओळख. यासाठी उत्तम नमुना म्हणजे अथेन्सचं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं चांदीचं नाणं, सुमारे १७ ग्रॅमचं. त्यावर घुबडाचं अंग कडेने दिसतं, तोंड मात्र पूर्ण आपल्याकडे वळलेलं. वर डाव्या कोपऱ्यात ऑलिव्हची डहाळी, शेजारी छोटी चंद्रकोर, उजवीकडे आल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरं. बाजारातल्या पुष्कळ तुकड्यांना डोक्यावर कानांसारखे तुरे असतात. तसे असतील तर कारागिराने दुसरंच घुबड पाहून केलंय. वस्तू सुंदर असू शकते, पण ती अथीनाची नव्हे.

प्रश्न: नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला डॉक्टर मित्राला ब्राँझचा दंड आणि त्यावर साप अशी भेट द्यायची आहे. एका कारागिराने दोन साप आणि पंख असलेलं डिझाइन दाखवलं. चालेल का?
(वाचक, होटगी रोड)

नको. दोन साप आणि वर पंख हा हर्मीसचा दंड. हर्मीस देवांचा दूत, व्यापाऱ्यांचा आणि प्रवाशांचा रक्षक. वैद्यकाचा देव अस्क्लेपियस, आणि त्याच्या हातात गाठी असलेली साधी काठी, तिला वेटोळं घातलेला एकच साप, पंख नाहीत. घोटाळा जुना आहे. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये हर्मीसचा दंड बोधचिन्ह म्हणून घेतला आणि तिथून तो औषधांच्या दुकानांपर्यंत पोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात मात्र एकच साप आहे. डॉक्टरांना फरक ठाऊक असतो, म्हणून इथे चूक खपत नाही.

घडणीबद्दल दोन सूचना. काठी २५ सेंटिमीटर उंच आणि १२ मिलिमीटर जाड धरली तर तिचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास येतं. साप धरून चारशे. एवढी उंच वस्तू हलक्या पायावर कलंडते. पाया काळ्या पाषाणाचा, १० बाय १० सेंटिमीटर आणि ३ सेंटिमीटर जाड घ्या, तोच साडेआठशे ग्रॅम भरतो. काठीच्या बुडाला ६ मिलिमीटरचा आटा पाडून ती पितळी बोल्टने दगडात बसवून घ्या. लोखंडी बोल्ट चालणार नाही. ओल लागली की ब्राँझच्या संगतीत लोखंड आधी गंजतं आणि दगडावर तांबडे ओघळ उतरतात. ओतकामात आधी वस्तू मेणाची करतात, तिच्यावर माती लेपतात, मग मेण वितळवून काढून त्या जागी वितळलेला धातू, म्हणजे रस, ओततात. म्हणून सापाचं मेण वेगळं वळून काठीवर चढवावं आणि साप व काठी यांच्यामधल्या खाचेत बोटाने माती भरावी. तिथे हवा राहिली की रस त्या पोकळीत शिरतो आणि गाठ तयार होते.

प्रश्न: तालमीच्या बक्षिसावर ब्राँझचा लॉरेलचा मुकुट आणि खाली 'ऑलिंपिक परंपरा' असं लिहायचं आहे. बरोबर आहे ना?
(बार्शी)

मुकुट बदला किंवा मजकूर बदला. प्राचीन ऑलिंपिक खेळ होत त्या ऑलिंपियात जंगली ऑलिव्हचा मुकुट मिळे. लॉरेल डेल्फीच्या पायथियन खेळांचा. तिथे अपोलोचं देऊळ होतं आणि लॉरेल हे त्याचंच झाड. नेमिया इथल्या खेळांत रानटी सेलरीचा मुकुट होता. कुस्ती ऑलिंपियाच्या खेळांत परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ७०८ पासून आहे, तेव्हा तालमीच्या बक्षिसाला ऑलिव्हच शोभेल. ऑलिव्हचं पान अरुंद, भाल्यासारखं, आणि पानं देठावर समोरासमोर जोडीने. लॉरेलचं पान रुंद, काठ किंचित लहरी, आणि पानं एकाआड एक. ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यातून पानं कापून त्यांना चांदीची झाळ द्या. इतकी पातळ पानं ओतायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न: पेगॅससचा (पंख असलेल्या घोड्याचा) नऊ इंची पुतळा मेणाच्या पद्धतीने ओततो. अंग चांगलं येतं, पंख अर्धे राहतात, कडा गोल येतात. कधी अंगावर बारीक छिद्रंही. धातू म्हणून जुने नळ आणि तांब्याची तार अशी निम्मी-निम्मी घेतो. उन्हाळ्यात मेणच वाकतं. काय करावं?
(एक ओतारी, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी)

तुमच्या अडचणी तीन आहेत आणि त्या एकमेकींत अडकल्यात. आधी धातू पाहू.

जुने नळ म्हणजे शिसं घातलेलं पितळ. त्यात भरपूर जस्त असतं, आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. मुशीत दोन्ही एकत्र तापवलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, प्रमाण दर वेळी बदलतं आणि रसाचा वाहतेपणाही दर वेळी वेगळा. तो धूर श्वासातून गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. हे आधी थांबवा. नऊ किलो स्वच्छ तांब्याला एक किलो कथील हे प्रमाण पुतळ्याच्या ब्राँझला चांगलं. तांबं पूर्ण वितळल्यावरच कथील घाला. आधी घातलं तर ते जळून राख होतं. तारेवरचं प्लास्टिक जाळू नका, सोलून काढा. जळक्या प्लास्टिकची काजळी रसात उतरते आणि तिथेच वायू अडकतो.

बारीक छिद्रांचं मूळ बहुधा वायूत आहे. रस गरजेपेक्षा जास्त वेळ आणि जास्त तापवला की तो हवेतून हायड्रोजन शोषतो आणि गोठताना सोडतो. मुशीवर कोळशाची भुकटी पसरून ठेवा, वितळल्यावर रेंगाळू नका. ओतण्याच्या अगदी आधी पंधरा टक्के फॉस्फरसचं फॉस्फर-कॉपर दहा किलोला वीस ग्रॅम घालून कोरड्या ग्राफाइटच्या दांडीने ढवळा. यापेक्षा जास्त घालू नका, ब्राँझ ठिसूळ होतं.

आता पंख. पंखाची जाडी कुठेही तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. कडा पातळ दिसाव्यात असं वाटत असेल तर मेणात तीन मिलिमीटर ठेवा आणि ओतल्यावर कानशीने उतरवा. साच्याची मांडणीही उलटी करून पाहा. घोडा साच्यात पाठीवर झोपलेला, पंख खाली, आणि रस पोटाकडून व खुरांकडून आत येणारा. रस पहिल्यांदा पंखांत पोचतो तेव्हा तो सर्वांत गरम असतो. पोट जाड आणि ओतायच्या तोंडाजवळ असल्याने ते शेवटी गोठतं आणि आक्रसणाऱ्या भागाला रस पुरवत राहतं. पोटाकडची वाट दहा ते बारा मिलिमीटर जाड ठेवा. प्रत्येक पंखाच्या टोकाला तीन मिलिमीटरची मेणकाडी लावून ती वळवून वर, ओतायच्या तोंडाच्या उंचीपर्यंत आणा. हवा तिथून निघाली नाही तर रस टोकापर्यंत जातच नाही, आणि तुमच्या गोल कडांचं निम्मं कारण हेच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे थंड साचा. मेण काढून साचा भाजला की तो गरम असतानाच भट्टीतून काढा आणि लगेच ओता. पातळ कामाला साचा चारशे ते सहाशे अंशांवर आणि रस अकराशे ते साडेअकराशेवर असावा. थंड साच्यात रस कितीही तापवला तरी पंख भरत नाही, उलट छिद्रं वाढतात.

मातीचा पहिला थर वारुळाच्या गाळलेल्या मातीचा, दोन-तीन मिलिमीटर, आणि सावलीत वाळवलेला. सोलापूरच्या उन्हात ठेवला की वरची कातडी आधी वाळते आणि खालून तडे जातात. तोच तडा पुढे पुतळ्यावर पाकळीसारखा उमटतो. पुढच्या थरांत भाताचा तूस आणि शेण मिसळा. जळून गेल्यावर ते बारीक वाटा सोडतात आणि साचा श्वास घेतो. साच्यात कुठेही ओल राहिली तर वाफ रसाला वर उडवते. म्हणून भाजल्याशिवाय आणि डोळ्यांवर काच, अंगावर चामड्याचा अंगरखा चढवल्याशिवाय ओतू नका.

धातू किती लागेल? रस जाण्याच्या वाटा आणि हवेच्या काड्या धरून मेणाचं वजन करा आणि दहाने गुणा. साडेतीनशे ग्रॅम मेणाला साडेतीन किलो. मुशीत एखाद-पाऊण किलो जास्तच असू द्या, अर्ध्यावर रस संपला तर पुतळा दुरुस्त होत नाही.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण चाळिशी ओलांडलेल्या मे महिन्यात ते त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. थंडीत जेवढी राळ घालता त्याच्या दीडपट उन्हाळ्यात घाला. पंख वळताना थंड पाण्याची परात शेजारी ठेवा आणि काम सकाळी लवकर उरका. तयार मेण पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका.

पोकळ पुतळा करत असाल तर आतला मातीचा गाभा धरून ठेवणारे खिळे ब्राँझचेच वापरा. लोखंडी खिळे आत राहिले की पावसाळ्यात त्या जागी गंजाचे ठिपके बाहेर येतात.

प्रश्न: आमचा वॉल हँगिंगचा व्यवसाय आहे. ग्रीक मेअँडरची (काटकोनात वळत जाणाऱ्या सलग रेघेच्या नक्षीची) किनार असलेला ब्राँझचा चौकोनी ट्रे करवून घ्यायचा आहे. ओताऱ्याने दिलेल्या नमुन्यात कोपऱ्यावर नक्षी तुटते. ग्राफवर कसं बसवायचं?
(अशोक चौक)

तुम्ही जेकार्ड मागासाठी नक्षीचा ग्राफ भरणारे, तेव्हा हे तुम्हाला ओताऱ्यापेक्षा लवकर जमेल. रेघेची जाडी एक घर, दोन रेघांमधली जागा एक घर, हा नियम मोडायचा नाही. रेघेच्या मध्यावरून मोजा: वर सहा घरं, उजवीकडे सहा, खाली चार, डावीकडे दोन, वर दोन, डावीकडे दोन, खाली चार, उजवीकडे सहा. इथे एक फेरा पूर्ण झाला. फेऱ्याची लांबी आठ घरं, किनारीची उंची सात घरं. मेअँडर हे नाव आजच्या तुर्कस्तानातल्या वळणावळणाच्या नदीवरून आलंय आणि इसवी सनापूर्वी नवव्या-आठव्या शतकांतल्या भांड्यांवर ही नक्षी भरभरून दिसते.

कोपरा तुटतो, कारण किनार एका टोकाला उभ्या रेघेने सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला तशीच संपायला एक घर जादा लागतं, ते कोणी धरत नाही. नक्षी कोपऱ्यात वळवायच्या फंदात न पडता चारही कोपऱ्यांत सात बाय सात घरांचा वेगळा चौक ठेवा, आत फूल काढा, आणि चौकाच्या बाजूला एक घर मोकळं सोडा. मग ट्रेच्या बाजूची लांबी म्हणजे फेरे गुणिले आठ, अधिक सतरा घरं. अठरा फेरे घेतले तर १६१ घरं. घर दोन मिलिमीटरचं धरलं तर बाजू ३२२ मिलिमीटर. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ एवढ्या लांब किनारीत स्वच्छ उठवणं अवघड जातं.

ब्राँझ गोठून थंड होताना लांबीत दीड ते दोन टक्के आक्रसतं. मेणाचा नमुना ३२८ मिलिमीटरचा हवा. ओताऱ्याला फक्त तयार माप दिलंत तर ट्रे सहा मिलिमीटरने आखूड येईल आणि तुमची चौकट त्यावर बसणार नाही.

मात्र सबंध ट्रे एकाच ओतात करू नये असं आमचं मत. चार मिलिमीटर जाडीचा एवढा पत्रा साडेतीन किलोच्या वर जातो आणि थंड होताना मध्ये फुगतो किंवा वाकतो. चार किनारी वेगळ्या ओता, तळाला तयार पत्रा घ्या, आणि किनारी रिव्हेट करा.

प्रश्न: ऑनलाइन घेतलेली मेड्युसाची (केसांच्या जागी साप असलेल्या ग्रीक राक्षशिणीची) 'ब्राँझ' मूर्ती खरंच ब्राँझची आहे का? आणि दाराबाहेर लावली तर चालेल?
(सात रस्ता)

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाहता येतं. मूर्तीचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा, आणि मूर्ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, भांड्याला टेकू न देता. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर तिचं आकारमान. कोरडं वजन त्याने भागा. ८८० ग्रॅमच्या मूर्तीने १०० दाखवले तर उत्तर ८.८, ब्राँझ शक्य आहे. साडेसहाच्या आसपास आलं तर जस्ताचा मिश्रधातू, पावणेतीन म्हणजे ॲल्युमिनियम, दोन किंवा त्याखाली म्हणजे धातूची भुकटी मिसळलेलं रेझिन. ते 'कोल्ड कास्ट ब्राँझ' या नावाने विकतात. मूर्ती पोकळ असून आत हवा किंवा प्लास्टर अडकलं असेल तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून बुडाचं भोक आधी पाहा.

पितळ आणि ब्राँझ यांचे आकडे इतके जवळ आहेत की या चाचणीने ते वेगळे होत नाहीत. त्यासाठी बुडाला, न दिसणाऱ्या जागी, कानस फिरवा. पितळ पिवळं चमकतं, ब्राँझ तांबूस. त्यानेही समाधान झालं नाही तर सराफाकडच्या कॅरेट मीटरवर ती घासलेली जागा धरा. बऱ्याच यंत्रांवर तांबं, जस्त, कथील वेगवेगळं दिसतं.

दाराबद्दल: ग्रीक लोक मेड्युसाचं मुंडकं ढालींवर आणि देवळांवर लावत, वाईट दूर राहावं म्हणून. आपल्या देवळाच्या चौकटीवर कीर्तिमुख बसवतात त्यामागे हाच भाव आहे. उंबऱ्यावर ती योग्य जागी आहे. फक्त पावसाचं पाणी थेट पडणार नाही असं पाहा.

प्रश्न: ब्राँझचा दोन कानांचा ग्रीक पेला, किलिक्स, मिळाला. त्यात द्राक्षाचा रस पिऊ का?
(पंढरपूर)

नाही. आंबट रसात तांबं उतरतं, आणि भंगारातल्या ब्राँझमध्ये शिसं असू शकतं. ब्राँझ शिशाविना आहे अशी खात्री असेल आणि आतून नीट कल्हई केली असेल तरच वापरा. नाहीतर शोभेलाच ठेवा.

प्रश्न: ब्राँझच्या डॉल्फिनचा गडद तपकिरी रंग मोलकरणीने लिंबू-मिठाने घासून काढला. आता तो गुलाबी झालाय आणि पंधरा दिवसांत फिकट हिरवे ठिपके उठलेत. बोअरच्या पाण्याने रोज पुसतो.
(विजापूर रोड)

रंग गेला त्याची चिंता कमी, ठिपक्यांची जास्त. मिठातलं क्लोराइड तांब्याशी संयोग करून धातूत बसतं. ओल आणि हवा मिळाली की तिथून पुन्हा पुन्हा पोखरतं. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात भर घालतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर असता तर आम्ही हात लावू नका म्हटलं असतं. नखाने पावडरीसारखा निघणारा फिकट हिरवा ठिपका मात्र रोगाचा आहे.

तोंडाला मास्क बांधून कोरड्या ब्रशने ठिपके झाडा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २५ ग्रॅम खायचा सोडा आणि २५ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून डॉल्फिन त्यात बुडवून ठेवा, दर आठवड्याला द्रावण बदला. तीन-चार आठवडे धीर धरा. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुऊन हेअर ड्रायरने वाळवा. परीक्षा अशी: झाकणाच्या डब्यात ओला कापूस ठेवून त्यापासून वेगळी करून वस्तू एक दिवस ठेवा. ठिपके पुन्हा उठले तर क्लोराइड अजून आत आहे, भिजवणं चालू ठेवा. नव्या वस्तूंवर हे करता येतं. पुरातन वस्तू असेल तर घरी काहीच करू नका, जतनतज्ज्ञांना दाखवा.

मग रंग. सराफ चांदी काळी करायला वापरतात तो लिव्हर ऑफ सल्फरचा खडा, पाच ग्रॅम, एक लिटर कोमट पाण्यात. गॅलरीत किंवा मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि लिंबू-व्हिनेगरपासून लांब. आम्ल मिसळलं की विषारी वायू सुटतो. वस्तू साबणाने तेलमुक्त करून दहा-वीस सेकंद बुडवा, धुवा, पुन्हा बुडवा. चार-पाच फेऱ्यांत पिवळसर, तांबूस, मग तपकिरी येतो. घाईने दाट द्रावण केलं तर काळा पापुद्रा येऊन सुटतो. हवा तो रंग आला की खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून धुवा.

वरून मेणाचं संरक्षण. एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, गॅस बंद करा, आणि मगच टर्पेंटाइन ओता, कारण ते भपकन पेटतं. वस्तू किंचित कोमट करून पातळ हात द्या, वाळल्यावर सुती कापडाने घासा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. रोज पुसायचंच असेल तर कोरडा मऊ ब्रश, पाणी नको. हाताळताना सुती मोजे घाला, घामातही मीठ असतं.

प्रश्न: जुनं ग्रीक-रोमन ब्राँझकाम जवळपास कुठे पाहता येईल?
(तुळजापूर)

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहानशी ब्राँझ मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेरचं लामतुरे संग्रहालय तुम्हाला त्याहून जवळ. तेर म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या सागरप्रवासाच्या पुस्तकातलं तगर. तिथे ब्राँझपेक्षा हस्तिदंत आणि मातीच्या मूर्ती पाहायला जा, पाश्चात्त्य व्यापाराच्या खुणा त्यांत स्पष्ट दिसतात. कोल्हापूरला पोसायडनची केसांची वळणं आणि उचललेल्या हाताचा ताण जवळून पाहा. एवढ्या छोट्या आकारात मेणावर कोरणीने किती बारीक काम करता येतं, ते तिथे कळतं.